घरी रॉक रेल बसवायची असेल तर आधी गाडीखाली झोपून चेसिस बघा

रॉक रेल म्हणजे गाडी दगडावर टेकली तर दाराखालचा पत्रा वाचवणारा लोखंडी पाईप. रॉक रेल आणि पायरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, बाजारात दोन्ही एकाच नावानं विकतात म्हणून हे आधीच सांगतो. दिसायला दोन्ही दाराखालचा आडवा पाईपच, काळा रंग, वर पाय ठेवायला चेकर्ड प्लेट. पण पायरीला फक्त माणसाचा पाय झेलायचा असतोय, रेलला वेळ आली की निम्मी गाडी झेलायची असतीय. पायरी बॉडीच्या पत्र्याला दोन पातळ पट्ट्यांवर लटकवली तरी चालून जातीय. रेलचा मात्र प्रत्येक ब्रॅकेट चेसिसच्या लोखंडाला, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्याला, भिडलाच पाहिजे. दुकानात कुणी "एकदम हेवी आहे साहेब" म्हणालं तरी वाकून मागची बाजू बघा, ब्रॅकेट कुठं जातोय, प्लेट किती जाड, एका बाजूला बोल्ट किती. विकणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतोय, या रेलखाली जॅक लावून गाडी उचलली तर चालेल काय? हो म्हणायला जो कचरतोय त्याच्याकडनं घेऊ नका.

आपल्या बेळगाव भागात ही वस्तू खरोखर कामाची आहे. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जाताना डांबरी सोडून शेतवाटेला लागलं की खाली जांभा दगड आहे, आणि तिकडचा पाऊस असा की एका पावसाळ्यात वाटेवरची लाल माती वाहून जातीय आणि दगडाची डोकी वर राहतात. पुढचं चाक दगडावर चढून पलीकडं उतरतंय, मागचं अजून अलीकडंच असतंय, आणि तेवढ्यात दाराखालची पट्टी जाऊन दगडावर टेकतीय. दोन चाकांतलं अंतर जास्त तितकं हे लवकर होतंय, तीन दारी थारचा व्हीलबेस २४५० मिमी, पाच दारी जिम्नीचा २५९०, थार रॉक्सचा २८५०, त्यामुळं रॉक्सवाल्यांनी तर जास्तच विचार करावा. ती पट्टी एकदा आत गेली की दार नीट लागत नाही, आणि कापून नवीन पत्रा जोडणं, पुटिंग, रंग हे सगळं रेलच्या किमतीपेक्षा वर जाऊ शकतंय. पण गाडी फक्त चोर्ला घाटातनं गोव्याला जाण्यापुरतीच असेल तर उगाच चाळीसेक किलो लोखंड घेऊन फिरू नका, गाडी जड होतीय आणि फायदा काही नाही.

आणि हे सगळं चेसिसवाल्या गाड्यांबद्दल चाललंय, म्हणजे थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो, स्कॉर्पिओ. ब्रेझा, क्रेटा, डस्टरसारख्या मोनोकॉक गाड्यांना खाली वेगळी चेसिसच नसतीय, तिथं बॉडीच सगळं वजन झेलती, त्यांना या पद्धतीनं काही बसवू नका.

कायद्याचं पण बघून घ्या. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आरसीवर जी माहिती आहे ती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही असं त्यात आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं बुलबार-क्रॅशगार्डवर, म्हणजे गाडीच्या तोंडाला लावायच्या लोखंडी दांड्यांवर, कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं होतं ते याच कलमाच्या आधारानं. रेल म्हणजे बुलबार नाही हे मला मान्य आहे, तरी बघणाऱ्याला बाहेर आलेला पाईप दिसतोय. म्हणून पाईप टायरच्या बाहेर काढू नका, टोकं उघडी ठेवू नका, कंपनीच्या ॲक्सेसरीत तुमच्या मॉडेलची रेल मिळत असेल तर ती आधी बघा, आणि काम काढायच्या आधी आरटीओत विचारून विमा कंपनीला लेखी कळवून टाका.

तयार किट घ्यायचं का उद्यमबागच्या कारखान्यांत बनवून घ्यायचं हा बेळगावकरांचा ठरलेला प्रश्न, कारण लेथ, पाईप बेंडिंग, फॅब्रिकेशन सगळं हाताशी आहे. पहिल्यांदाच घरी बसवत असाल तर माझं मत तयार किटच घ्या, तुमच्या मॉडेलच्या चेसिसवर आधीच असलेल्या भोकांना जुळणारं, म्हणजे ड्रिल करायची वेळ येत नाही. बनवूनच घेणार असाल तर गाडी तिथं घेऊन जा, माप कागदावर देऊन काम सांगू नका. पाईप निवडताना दीड इंची काळा पाईप मागा, बाहेरनं साधारण ४८ मिमी भरतोय. त्यात क्लास असतात आणि ते रंगाच्या पट्टीवरनं कळतात, पिवळी पट्टी म्हणजे लाईट, निळी मिडीयम, लाल म्हणजे हेवी. मिडीयमची जाडी ३.२ मिमी, हेवीची ४ मिमी. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला निळा पुरतोय, थार-गुरखाला मी लालच सांगेन, वजनात मीटरमागं एक किलोसुद्धा फरक पडत नाही. पिवळ्या पट्टीचा पाईप अजिबात नको, दगडावर दाबून चपटा होतोय. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप पण नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतोय तो वेल्डरच्या छातीत जातोय आणि सांधाही नीट बसत नाही. ब्रॅकेटची प्लेट ५ ते ६ मिमी, एका बाजूला निदान तीन ब्रॅकेट.

बनवणाऱ्याला आणखी दोन गोष्टी बजावून सांगा. रेल आणि दाराखालच्या पट्टीमध्ये बोटभर, म्हणजे १५ ते २० मिमी फट पाहिजे. बॉडी चेसिसवर रबराच्या माऊंटवर बसलेली असतीय, खड्ड्यात दोन्ही वेगवेगळ्या हलतात, फट नसेल तर रेल आतनं पत्रा घासतीय आणि पहिल्याच दगडाला पट्टी आत जातीय, मग रेल लावून उपयोग काय झाला. दुसरं, रेल चेसिसच्या खाली लोंबकळायला नको, जेवढी खाली येईल तेवढा ग्राउंड क्लिअरन्स गेला. बाहेरची बाजू थोडी वर उचललेली असली तर उत्तम, गाडी दगडावरनं बाजूला सरकती.

आता काम. पावसाळ्यात हे काम काढू नका, दिवाळीनंतर ते मे पर्यंत कधीही करा. आदल्या दिवशी गाडी खालनं प्रेशरनं धुवून घ्या, चेसिसच्या भोकात बसलेली लाल माती वाळली की सिमेंटसारखी घट्ट होतीय, तिच्यावर बोल्ट घातला तर आटे जातात. गाडी वाळली की जुन्या पायरीचे बोल्ट असतील त्यांच्यावर डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर सोडा. ते बोल्ट सुटले नाहीत तर पान्याला पाईप घालून जोर लावू नका, परत फवारा मारा, थोडं आवळा, थोडं सोडा, असं करत करत येतात. काढलेले नट-बोल्ट-वायसर एका पिशवीत घालून वर लिहून ठेवा, गाडी विकताना कुणाला मूळची पायरी लागली तर तेच लागणार.

जागा सपाट आणि कडक पाहिजे. अंगणात शहाबादी फरशी असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवा, नाहीतर फरशी तडकती आणि जॅक कलतोय. मातीच्या अंगणात करूच नका. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढनं-मागनं दगड. खरं सांगायचं तर या कामाला गाडी उचलायचीच गरज सहसा पडत नाही, थारसारख्या गाडीखाली मुळातच झोपून हात चालतोय, आणि चारी चाकं जमिनीवर असणं यापेक्षा सुरक्षित काही नाही. उचलायचीच झाली तर घोडी, म्हणजे जॅक स्टँड, लावल्याशिवाय खाली जायचं नाही, घोडी चेसिसखाली किंवा ॲक्सलखाली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली एक मिनिटासाठीसुद्धा डोकं घालू नका, घरातल्या पोरांना पण त्या दिवशी अंगणात खेळू देऊ नका. आणि माणसं दोन लागतात. एका बाजूची रेल १५ ते २५ किलो भरती, एकट्यानं झोपून छातीवर धरून बोल्ट शोधणं हा प्रकार नको, भावाला नाहीतर शेजारच्या काकांना हाक मारा की, चहा-भजीवर माणूस येतोय.

हत्यारं फार नाहीत. गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना), ट्रॉली जॅक, गोल कानस, आटे साफ करायचा टॅप, बाइंडिंग वायर, पेनसारखं लांब मॅग्नेट, टेप, खडू, डोळ्यावर गॉगल. गॉगल नक्की घाला, झोपून काम करताना माती सरळ डोळ्यात पडतीय. टॉर्क रेंच विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधनं दिवसापुरता मागून आणा, पण त्याच्याशिवाय हे काम करू नका.

रेल उचलायच्या आधी गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि चेसिसच्या आतल्या बाजूनं पुढनं मागं सावकाश बघत जा. ब्रेकची लाईन, डिझेल-पेट्रोलची लाईन, वायरिंगचा जुडगा, सगळं चेसिसला धरून गेलेलं असतंय. जिथं ब्रॅकेट येणार तिथं खडूनं खूण करा आणि त्या खुणेखाली एकही लाईन येत नाही हे हातानं चाचपून घ्या. वायरिंगची क्लिप आडवी येत असेल तर क्लिप काढून जुडगा बाजूला बांधा. ब्रेकची लाईन आडवी येत असेल तर ती वाकवू नका, तो ब्रॅकेट तुमच्या गाडीचा नाही असं समजा.

मग किटच्या भोकांकडं बघा. पावडर कोटिंग केलेल्या ब्रॅकेटच्या भोकात रंगाचा थर साचलेला असतोय, गोल कानस फिरवून तो काढा आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला प्रायमरचा हात मारा. चेसिसमधल्या वेल्ड केलेल्या नटात टॅप हातानं फिरवून आटे साफ करा. इथं एक गोष्ट नीट बघा, आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात १० मिमीचा बोल्ट मागितला की १.५ पिचचा देतात, जपानी घराण्याच्या गाड्यांत बऱ्याच ठिकाणी १.२५ पिच असतोय. दोन-तीन आटे जातोय, मग अडकतोय, आणि माती असेल असं वाटून माणूस पाना लावतोय, झालं, चेसिसमधला नट गेला. बोल्ट बोटानं शेवटपर्यंत गेला तरच तो बरोबर, पाना फक्त शेवटी आवळायला.

काही किटमध्ये चेसिसच्या पेटीत आतनं बोल्ट सोडायचा असतोय, म्हणजे चेसिसला बाहेरनं भोक आहे पण आत नट नाही. हे काम बघायला अवघड वाटतंय, पण सोपं आहे. शेजारी जे मोठं लंबगोल भोक असतंय त्याच्याजवळच्या बोल्टच्या भोकातनं बाइंडिंग वायर आत घाला आणि मोठ्या भोकातनं टोक बाहेर काढा. बाहेर आलेल्या टोकाला बोल्टच्या आट्यांवर चार-पाच वेढे घट्ट द्या, आट्यांच्या खाचेतच बसतील असे. बोल्टच्या डोक्याकडची प्लेट, किटमध्ये असतीय ती, आधी घालून ठेवा. आता बोल्ट मोठ्या भोकातनं आत ढकला आणि दुसऱ्या हातानं वायर हळू ओढत राहा, थोडं हलवावं लागतंय, मग एकदम टोक बाहेर डोकावतंय. वायर सोडू नका, ती ब्रॅकेटच्या भोकातनं ओवून तसंच ताणून धरून ब्रॅकेट चढवा, मग बोल्टचं टोक धरून ठेवून वायर सोडवा आणि लगेच नट दोन आटे लावा. बोल्ट आत पडलाच तर मॅग्नेट घालून काढा, तसाच ठेवू नका, तो आयुष्यभर खडखडत राहतोय आणि जिथं पडलाय तिथं गंज धरतोय.

आता रेल. ट्रॉली जॅकवर फळी, फळीवर जुनं पोतं, त्यावर रेलचा मध्य ठेवा आणि एकानं दोन्ही टोकं सांभाळत हळूहळू वर घ्या. मधल्या ब्रॅकेटचा बोल्ट आधी लावा, मग पुढचा, मग मागचा, मग राहिलेले. सगळे फक्त हातानं, चार-पाच आटे, बस. एकही बोल्ट आवळायचा नाही. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय, कारण पहिला बोल्ट आवळून टाकला की रेल तिथंच पकडली जातीय, शेवटचं भोक दोन मिमीनं चुकतंय आणि मग माणसं ते भोक कानसनं मोठं करत बसतात. सगळे सैल असतील तर रेल हलवून हलवून सगळी भोकं जुळतात.

सगळे लागले की फट मापा, पुढं, मध्ये, मागं, तिन्हीकडं सारखी आहे का. दोन्ही दारं उघडून बंद करून बघा, दाराचं खालचं टोक रेलला लागायला नको. चेकर्ड प्लेटवर पाणसळ ठेवून पण बघता येतंय, पण अंगण उताराचं असेल तर पाणसळीपेक्षा पट्टीपासनं मापलेलं अंतरच खरं. जमलं की मधल्या ब्रॅकेटपासनं सुरू करून एकदा इकडं एकदा तिकडं असं थोडं थोडं आवळत बाहेर जा. शेवटचा टॉर्क किटच्या कागदावर असेल तोच. कागदच आला नसेल तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या बोल्टला साधारण आकडे असे, ८ मिमीला २५ न्यूटन मीटर, १० मिमीला ४५ ते ५०, १२ मिमीला ८० ते ८५. ग्रेड बोल्टच्या डोक्यावरच कोरलेली असतीय, काही लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट या कामाला वापरू नका. चेसिसमधला नट जुना किंवा गंजलेला वाटत असेल तर आकड्याच्या खालच्या बाजूला राहा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) नसेल तिथं निळा थ्रेड लॉकर, म्हणजे आट्यांवर लावायचा गोंद, एक थेंब, लाल नको, तो नंतर तापवल्याशिवाय सहसा सुटत नाही. यू-बोल्टची किट असेल तर दोन्ही नट आळीपाळीनं आवळा, दोन्ही बाजूला आटे सारखे बाहेर दिसले पाहिजेत.

आवळून झालं की प्रत्येक नटावरनं ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पुढं कधीही नुसतं वाकून बघितलं तरी रेघ तुटलेली दिसली की कळतंय नट फिरलाय, पाना घेऊन खाली जायला लागत नाही.

ड्रिल करायला लागत असेल तर शक्यतो ते किट टाळा. टाळता येत नसेल तर चेसिसच्या उभ्या भिंतीतच भोक, वरच्या-खालच्या पट्टीला नको, सस्पेन्शनच्या माऊंटजवळ नको, चेसिस जिथं वाकलीय तिथं नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ५ मिमीचं भोक मारा, तेल सोडत मोठं करा, आणि आरपार बोल्ट जाणार असेल तर आत नळी घाला, नाहीतर आवळताना चेसिसची पेटीच दाबली जाती. उघड्या कडेला झिंक प्रायमर. वेल्डिंगची रेल मात्र घरी नकोच, चेसिसवर कुठंही वेल्डिंगचा टाका मारायला मी कुणाला सांगणार नाही, ते काम चेसिसचं लोखंड कळणाऱ्या माणसाकडंच.

दोन्ही बाजू झाल्या की परीक्षा. रेलच्या मधल्या ब्रॅकेटजवळ जॅक लावून हळूहळू उचला, टायरवरचं वजन कमी होताना दिसलं पाहिजे, आणि दुसऱ्या माणसानं बाजूनं फटीकडं लक्ष ठेवायचं. फट थोडी कमी होतीय, ते ठीक आहे, पत्र्याला टेकली तर थांबा, ब्रॅकेट पातळ आहेत नाहीतर कुठंतरी बोल्ट सैल आहे. ही परीक्षा चालू असताना खाली कुणी नको. मग गाडी खराब रस्त्यावर चालवा, खिडक्या खाली करून आवाज ऐका, आणि शंभरेक किलोमीटरनं सगळ्या बोल्टांना परत टॉर्क रेंच लावा. नवीन रंगाचा थर दाबला जातोय म्हणून पहिल्यांदा थोडं सैल होणं साहजिक आहे.

वापरताना फोर-लो (चारी चाकांना ताकद देणारा हळू गिअर), पहिला गिअर, आणि गाडी रेलवर आपटू नका, टेकवून सरकवा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत आणि राखीव जंगलात गाडी घालू नका, आपल्या शेतवाटा आणि ज्याच्या रानात परवानगी आहे तेवढंच पुष्कळ आहे.

राहिला गंज, आणि आपल्या पावसात तोच खरा शत्रू. पाईपच्या तळाला सगळ्यात खालच्या जागी ६ मिमीचं एक भोक असू द्या, आत गेलेलं पाणी निघून जायला. ब्रॅकेट आणि चेसिसच्या मध्ये माती साचतीय, चिखलातनं आलं की त्याच दिवशी तिथं पाण्याचा फवारा मारा. पावडर कोटिंग दिसायला चांगलं, पण दगडानं एकदा खरवडलं की त्याच्याखालनं गंज सरकत जातोय आणि वरनं काही दिसत नाही, म्हणून बनवून घेताना मी साधा झिंक प्रायमर आणि वर काळा इनॅमलच सांगतो. खरवडलं की तारेच्या ब्रशनं घासायचं, प्रायमर, वाळला की काळा रंग, पाऊस सुरू व्हायच्या आधी मे महिन्यात एकदा आणि नवरात्राच्या आसपास एकदा.